अक्काताईची नजरनोंद

अक्काताई खारगेच्या डोळ्यांबद्दल इचलकरंजीत जे काही सांगतात, त्यातलं निम्मं मीच पसरवलेलं आहे. त्यामुळे त्याची हमी मी देऊ शकतो. एकदा मुख्य रस्त्यावरून वरात चालली होती आणि अक्काताई कडेला मेथी निवडून घेत होती. नवरदेव घोड्यावरून पुढे गेला, आणि हिने हातातली जुडी टाकून आरोळी ठोकली, "थांबवा रे!" बँड थांबला. घोडा थांबला. कमरेला खोचलेली छोटी कातर काढून हिने नवरदेवाच्या शेल्याचा लोंबणारा एक दोरा कापला आणि म्हणाली, "हां, जावा आता." नवरदेवाची आई तिथेच तिच्या पाया पडली. घोडाही पडणार होता, पण पाठीवरच्या ओझ्यामुळे त्याला वाकता येईना.

ही गोष्ट ऐकून लोक हसतात. पुढची ऐकून कुणी हसत नाही, म्हणून ती मी फारशी सांगत नाही. आज सांगतो.

तेव्हा आमच्या मागांच्या गावात माणसं कमी आणि कॅमेरे जास्त झाले होते. पूर्वी मागावरून उतरलेलं कापड उजेडाच्या काचेवरून सरकत जायचं, आणि समोर बसलेली बाई त्यातला तुटका दोरा, गाठ, डाग हेरून तिथल्या तिथे दुरुस्त करायची. याला मेंडिंग म्हणतात. अक्काताईची उभी हयात त्यात गेली. मग कापडातला दोष कॅमेरा शोधू लागला, आणि मेंडिंगच्या बायका घरी बसून टीव्हीवरच्या नट्यांच्या साड्यांतले दोष काढू लागल्या.

अशात एका बंद पडलेल्या मागशेडला कुणीतरी पांढरा रंग दिला, आत गारेगार यंत्रं बसवली आणि बाहेर पाटी लावली, 'प्रथमदृष्टी सर्व्हिसेस'. पुण्याहून पराग कोठावळे नावाचा तरुण इंजिनिअर आला. त्याने मेंडिंगच्या बायकांना बोलावून खुर्च्यांवर बसवलं आणि प्रत्येकीला मॅडम म्हटलं. तेवढ्यावरच दोघीतिघी खुदखुदल्या.

"मॅडम, काम सोपं आहे. पडद्यावर फोटो येईल. वाईट असला तर लाल बटण, नसला तर हिरवं."

"वाईट म्हंजे?" अक्काताईने विचारलं.

परागने टेबलाकडे पाहिलं. "लहान मुलांशी जे करू नये, ते."

खुदखुदणं थांबलं.

"आणि हे बघाय तुमच्या पुण्यात डोळं न्हाईत व्हय?"

"होते. टिकत नाहीत. लोकांची झोप उडते, सोडून जातात."

"मग आमचं टिकतील असं कुणी सांगिटलं?"

"तुम्ही आयुष्यभर दोष बघितलेत मॅडम, आणि रोज घरी जाऊन स्वयंपाकही केलात."

अक्काताईला हे उत्तर पटलं नाही, पण हाताला काम हवं होतं. घरात सून दीपाली नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स, मुलगा मस्कतला, आणि नात मिनू तिसरीत. मिनूच्या दोन वेण्या घातल्या की अक्काताईचा दिवस संपायचा, आणि तेव्हा सकाळचे आठसुद्धा वाजलेले नसायचे.

आता जगातलं सगळं यंत्रं बघत असताना माणसाचा डोळा कशाला हवा होता, ते सांगायला पाहिजे. त्याच्या आधी काही वर्षं असं झालं होतं की कंपन्यांची यंत्रं लोकांची साठवलेली चित्रं परस्पर चाळायची आणि संशय आला की पोलिसांना कळवायची. कुस्तीच्या एका वस्तादाने तालमीतल्या पोरांचे लंगोटातले फोटो जपून ठेवले होते. यंत्राने आरडाओरडा केला, पोलिसांनी वस्तादाचा फोन, संगणक, बायकोची पत्रंसुद्धा उघडली. काही निघालं नाही. वस्ताद सुटला, पण त्याच्या तालमीत परत कुणी पोर धाडलं नाही, आणि लाल मातीत गवत उगवलं. ते प्रकरण वर गेलं. वरच्या न्यायालयाने सांगितलं, नागरिकाने कंपनीकडे साठवलेली चित्रं म्हणजे त्याच्या घरातलं कपाटच. घटनेने त्याला जो आडोसा दिला आहे, तो तिथेही आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांनी ते उघडायचं नाही. उघडलं तर जे हाती लागेल तो पुरावा नव्हे, आणि त्याच्या आधाराने पुढे जे सापडेल तोही नव्हे.

एक फट मात्र राहिली. समजा, कुरियरचं पार्सल वाटेत फाटलं आणि तिथल्या कारकुनाला आतला गांजा दिसला. त्याने पोलिसांना बोलावलं, तर त्याला जेवढं दिसलं तेवढं पोलिस बघू शकतात. कारण आडोसा आधीच गेलेला आहे, आणि तो सरकारने घालवलेला नाही. पण त्याच पार्सलात खाली दुसरी पुडी बांधलेली असेल, तर तिला पोलिसांनी हात लावायचा नाही. कंपनीचंही तसंच. कंपनीच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, तर तेवढंच पोलिसांना बिनहुकमाचं पाहता येईल. यंत्राचं पाहणं मोजायचं नाही. यंत्र जुन्या, आधी पकडलेल्या चित्रांचे ठसे जुळवतं. चित्र नवं असेल तर नुसता अंदाज बांधतं. अंदाजावर घर उघडायचं नाही.

म्हणून यंत्राला संशय आलेलं चित्र पोलिसांच्या आधी बघणारा माणूस हवा. पहिला डोळा. भारतभरच्या कपाटांचा पहिला डोळा आमच्या गावातल्या मेंडिंगच्या बायका झाल्या.

पहिल्या दिवशी तिघी उलट्या करत बाहेर आल्या. जेवणाच्या सुट्टीत अक्काताईने सगळ्यांना नळाजवळ गोळा केलं.

"बायांनो, ह्याच्याकडं फोटो म्हणून बघू नगा. कापड म्हणून बघा. काठापासनं धरा, काठाकाठानं जावा. मधी अडकायचं न्हाई. दोष असला की तो आपसूक डोळ्यात येतोय. आला की लाल दाबा आणि सरकवा फुडं."

यात जादू काही नव्हती. हात लांब करून अंगठा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढाच तुकडा आपल्याला एका वेळी लख्ख दिसतो. बाकीचं जग पुसट असतं आणि मेंदू ते विणून भरून काढतो. वाचताना, चेहरा ओळखताना आपण हा लख्ख तुकडा इकडून तिकडे उडवत नेतो आणि जागोजागी क्षणभर थांबवतो. पण मेंडिंगच्या बाईला असं थांबून चालत नाही. कापड पुढे गेलेलं असतं. ती त्या पुसट भागानेच बघायला शिकते. विणीत काही मोडलं की डोळ्याच्या कडेलाही ते खुपतं. अक्काताईला ते घोड्यावरच्या शेल्यातही खुपायचं.

बायकांना झोप लागू लागली. पराग खूश झाला. कुणी डुलकी काढत नाही ना हे कळावं म्हणून त्याने प्रत्येक पडद्याखाली वाटाण्याएवढा एक कॅमेरा बसवला होता. तो बुबुळांकडे बघायचा, आणि नजर चित्रात कुठे थांबली ती जागा उजळून ठेवायचा. थांबली नाही ती जागा काळी. याचं नाव नजरनोंद. महिन्याच्या शेवटी हजेरीबरोबर ती नोंदही कपाटात जायची आणि कुणी तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. बायका बटणं तर बरोबर दाबत होत्या.

मग दिवाळीच्या तोंडावर ते चित्र आलं.

त्यात काय होतं ते मी सांगणार नाही. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. एवढंच कळलं की एक मुलगी होती, मिनूच्या वयाची. आणि चित्र नवं होतं, कुठल्याही जुन्या ठशाशी न जुळणारं. म्हणजे ती मुलगी आत्ता, या घटकेला, कुठेतरी त्याच खोलीत होती. अक्काताईची नजर काठाकाठाने फिरली, खिडकीच्या जाळीवरून, पलंगाच्या पायावरून. आणि मधलं तिच्या डोळ्यात आलं. तिने लाल बटण इतक्या जोरात दाबलं की ते आतच बसलं.

सायबर शाखेच्या निरीक्षक शबाना मुजावर यांच्याकडे चित्र पोहोचलं. न्यायदंडाधिकारी सुट्टीवर. हुकूम मिळायला वेळ लागणार, आणि कंपनीची बाई तर पाहून बसलेली. मुजावरबाईंनी चित्र उघडलं, ते ज्या खात्यातून आलं त्याचा पत्ता काढला, गाडी काढली, आणि संध्याकाळी शेजारच्या तालुक्यातल्या एका घराचं दार ठोठावलं.

दार उघडणारा माणूस म्हणजे मुलीचा सख्खा काका. आईबाप अपघातात गेलेल्या पोरीला सांभाळणारा, रक्तदान शिबिरं भरवणारा, चौकातल्या फलकावर हात जोडून उभा असलेला. त्याचं नाव मी घेणार नाही, जीभ विटाळते. मुलीचं नाव कायद्याने घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुजावरबाई मुद्दाम शेडवर आल्या. "मिळाली, अक्काताई. बालगृहात आहे. काल जेवली आणि झोपली."

"झोपली?"

"अगदी गाढ."

त्या संध्याकाळी अक्काताईने मिनूला चार रंगांच्या रिबिनी आणल्या. दीपाली म्हणाली, "आत्या, शाळेत फक्त पांढऱ्या चालतात." आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. अक्काताई म्हणाली, "घरात घालू दे की. बघणारी मी हाय."

खटला उभा राहिला. सुनावणी बंद दाराआडची. मला अक्काताईने सांगितली. आणि ती माझ्यासारखी नाही, तिखटमीठ लावत नाही.

काकाचे वकील आदिनाथ चौगुले. म्हातारे, सौम्य, आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपलेच वकील आहेत. त्यांनी कंपनीकडून नजरनोंद मागवली होती. काळा कागद; त्याच्या कडेकडेने उजेडाचे ठिपके, आणि मधे मोठा थोरला काळोख.

"अक्का, तुमचा अपमान करायला मी उभा नाही. हे काय आहे, सांगाल?"

"माज्या नजरंची वाट हाय म्हणत्यात."

"ही वाट काठाकाठाने गेली आहे. मधे कुठे थांबलेली दिसते का तुम्हाला?"

"आमची बघायची रीतच तशी हाय, साहेब."

"मधे मुलगी होती, असं पोलिस म्हणतात. तुमची नजर तिच्यावर थांबली होती?"

"थांबायला कशाला पायजे? कळलं मला."

"म्हणजे अंदाज आला."

"अंदाज न्हवं! भाकरी करपली तर तव्याकडं बघावं लागतंय व्हय?"

न्यायाधीश हसले. चौगुलेही हसले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "नुसत्या वासावर पोलिसांना घरात सोडता येत नाही, अक्का. तसं सोडलं म्हणून एका वस्तादाची तालीम उठली. तुमच्या डोळ्यांनी काठ पाहिला. पोलिसांनी मधली पुडी उघडली. हुकूम नसताना."

सरकारी वकिलांनी परागला उभं केलं. हा माणूस डोळ्यांचं शास्त्र शिकलेला. "नजर थांबली नाही तरी माणसाला दिसू शकतं का?" त्यांनी विचारलं.

दिसतं, हे परागला पक्कं माहीत होतं. अंगठ्याच्या नखाची गोष्ट बायकांना त्यानेच सांगितली होती. पण मधल्या काळात कंपनीच्या लक्षात आलं होतं की नजरनोंद ही विकायची चीज आहे. दोन राज्यांशी बोलणी चालली होती, आणि जाहिरातीत छापलं होतं, 'डोळ्याने काय पाहिलं, याचा बिनचूक दाखला.'

"यंत्राच्या व्याख्येप्रमाणे, नजर थांबली नसेल तर ते पाहिलं गेलेलं नाही," पराग म्हणाला.

"व्याख्या विचारत नाही मी. दिसतं का?"

परागने पाणी मागितलं. ते प्यायला. रुमालाने ओठ टिपले. "खात्रीने सांगता येत नाही."

अक्काताई त्याच्याकडे बघत होती. तो खिडकीकडे बघत होता.

न्यायाधीश दुष्ट नव्हते. तसे असते तर मला गोष्ट सांगायला सोपं गेलं असतं. निकाल वाचताना त्यांचा आवाज घोगरा झाला होता म्हणे. "या माणसाबद्दल मला काय वाटतं, हे मला लिहिता येत नाही. पण न पाहता 'पाहिलं' म्हणणारा डोळा मी आज मान्य केला, तर उद्या तो कुणाच्या घराकडे वळेल हे माझ्या हातात राहणार नाही." चित्र बाद. चित्राच्या आधाराने घेतलेली झडती बाद. झडतीत मिळालेला फोन बाद. एकाला एक दोरा बांधलेला. पहिला कापला आणि सगळं कापड उसवलं.

राहिली मुलगी. तिला प्रेमाने विचारलं, खेळणी देऊन विचारलं. ती जमिनीकडे बघायची आणि बोटाने फरशीची रेघ गिरवायची. सुटलेल्या काकाने ताबा मागितला. कागदावर डाग नाही, रक्ताचं नातं, दुसरं कोणी नाही. काही आठवड्यांनी तो गाडी घेऊन बालगृहात गेला आणि पोरीला घेऊन आला.

त्याच्या आधी, निकालाच्याच दिवशी, न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याने अक्काताईला वाकून नमस्कार केला होता. "मावशी, माझा राग नाही हं तुमच्यावर. तुम्ही तुमचं काम केलं."

एरवी अक्काताईने त्याला तिथेच सोलून काढला असता. त्या दिवशी ती पदर सावरून पायऱ्या उतरून गेली.

"आत्या, सोडा ते काम," दीपाली रोज म्हणायची. "ताटावर बसता आणि भाताकडे बघत राहता."

"सोडीन."

सोडणाऱ्या बऱ्याच निघाल्या, कारण कंपनीने आता नियम बदलला होता. पडद्यावर येणारं चित्र आधी काळ्या जाळीखाली असायचं. प्रत्येक चौकोनावर नजर टेकून थांबली की तो उजळायचा. सगळे उजळेपर्यंत लाल बटण चालायचंच नाही. आता दाखल्यात खोट राहणार नव्हती. पण बायकांचे डोळे थांबायला विसरले होते. मधे आले की घसरायचे, काठाला जायचे. आणि ओढून आणून थांबवले, तर पुण्याच्या लोकांना जे व्हायचं ते यांना होऊ लागलं. खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. काठाकाठाने बघायला शिकवलं होतं अक्काताईनेच. रिकामी होणारी प्रत्येक खुर्ची तिला आपल्या नावावर जमा झाल्यासारखी वाटायची.

एका रविवारी मुजावरबाई घरी आल्या. साध्या कपड्यात. दीपालीने चहा दिला आणि ती मिनूला घेऊन आत गेली.

"तुम्हीही सोडताय, ऐकलं," मुजावरबाई म्हणाल्या.

"काय करू बसून? माज्या डोळ्यापायीच सुटला न्हवं त्यो."

"माझ्याही पायी. हुकमासाठी थांबायला हवं होतं मी. थांबले असते तर मुलगी आणखी चार दिवस तिथे राहिली असती, म्हणून नाही थांबले." त्या कडवट हसल्या. "आता किती दिवस झाले?"

"परत करंल त्यो?"

"करणार. एकदा सुटलेला माणूस जास्त धीट होतो. आणि चित्रं ठेवणार त्याच खात्यात. त्याला वाटतंय, आता कोणी बघूच शकत नाही."

"मग घुसा की घरात."

"कशाच्या जोरावर? पाळतीवर माणूस ठेवला, तर त्याच्या वकिलाने छळाची तक्रार केली. जुनं सगळं बाद आहे. आधार नवा हवा."

"नवा म्हंजे..." अक्काताईने मिनू गेली त्या आतल्या दाराकडे पाहिलं. "म्हंजे त्या पोरीला परत..."

मुजावरबाईंच्या हातातल्या चहावर साय धरली.

"त्याच्या खात्यातलं चित्र तुमच्या शेडवर येतं," शेवटी त्या म्हणाल्या. "आलं, आणि समोरच्या बाईचा डोळा मधे घसरला, घाबरून तिने ते सोडून दिलं, तर पुन्हा गेलं. म्हणून सांगते, तुम्ही सोडू नका."

अक्काताईने सोडलं नाही. पण डोळ्यांना थांबायला शिकवायला हवं होतं, आणि त्यासाठी चेहरा हवा होता. सकाळी वेण्या झाल्या की ती मिनूला समोर बसवायची. "माज्याकडं बघ. मी तुज्याकडं बघतो. आधी पापणी हलवंल त्यो आऊट."

मिनूला हा खेळ फार आवडला. पहिले काही दिवस आजीची नजर तिच्या कानावर, रिबिनीवर, खिडकीत पळायची. "आजी, पळतायत तुझे डोळे! आऊट!" मग हळूहळू ती थांबू लागली. मिनूच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे, हे अक्काताईला तेव्हा कळलं. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान आहे. हसू दाबताना हनुवटीला खळगा पडतो. एवढी वर्षं नातीला न्हाऊमाखू घातलं, आणि नीट बघितलं ते आता. मला सांगताना ती म्हणाली होती, "अवं, काय गोड हाय हो पोर. मला ठावंच न्हवतं."

खेळ संपला की ती देवापुढे उभी राहायची आणि हात जोडायची. पण चित्र यावं म्हणून जोडायचे की येऊ नये म्हणून, हे तिला ठरवता यायचं नाही. नुसतीच उभी राहायची.

उन्हाळा लागला होता. जेवणाची सुट्टी नुकती संपलेली, डब्यातल्या ठेच्याचा वास शेडमध्ये रेंगाळलेला. पडद्यावर काळी जाळी आली. अक्काताईने वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. चौकोन उजळला आणि खिडकीची जाळी दिसली.

तीच जाळी.

तिने उठून पाणी प्यायलं नाही, कुणाला हाक मारली नाही. एकेक चौकोन घेत गेली. खिडकी. भिंत. पलंगाचा पाय. मग मधले. प्रत्येकावर थांबली, उजळेपर्यंत थांबली, आणि जे उजळलं ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कापड सरकू दिलं नाही.

शेवटी एकच चौकोन काळा राहिला. चेहऱ्याचा.

यंत्राला नजर पाव सेकंद पुरते. अक्काताई किती वेळ थांबली, ते नजरनोंदीत आहे, आणि ते वाचून न्यायालयातला टंकलेखक बाहेर जाऊन उभा राहिला होता. चित्रातली मुलगी सरळ समोर बघत होती. आता जमिनीकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याकडे, म्हणजे जो कोणी बघत असेल त्याच्याकडे. अक्काताई म्हणाली, "मला वाटलं, मी पापणी हलवली तर ही आऊट हुईल."

तिने हलवली नाही. जाळी पूर्ण उजळली. लाल बटण दाबलं गेलं.

या वेळी सगळं नियमात बसलं. मुजावरबाई काठापासून काठापर्यंत सगळं पाहू शकल्या, आणि तरीही त्यांनी हुकूम आणायला माणूस पळवला. चौगुल्यांनी नजरनोंद मागवली, चाळली आणि मिटून ठेवली. त्यांनी त्या दिवशी वकीलपत्र परत केलं. काका आता मरेपर्यंत आत आहे. मुलगी दूर, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावाने वाढते आहे. कायद्याने तिला सोडवलं, हे खरंच आहे. फक्त त्यासाठी तिला दोनदा त्या खोलीत असावं लागलं.

कंपनीने अक्काताईचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मागे भिंतीवर तिची नजरनोंद चौकटीत लावलेली, सगळी लख्ख उजळलेली, त्याखाली 'आदर्श नजर'. नव्या बायकांना ती दाखवून शिकवतात. कार्यक्रमानंतर पराग तिच्याजवळ आला.

"अक्काताई मॅडम, त्या दिवशी कोर्टात मी..."

"व्हय," ती म्हणाली. "तुमची नजर बी काठाकाठानंच गेली." आणि शाल त्याच्या हातात देऊन चालू लागली.

इथे मला एखादी थाप घालायला फार आवडलं असतं. घोड्याला आणून उभं केलं असतं. पण तो येत नाही.

अक्काताई आता घरी असते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा टाकून तपासलं. डोळे ठणठणीत, चष्मासुद्धा नको. अजूनही रस्त्यावरून जाणाऱ्या पदरातला तुटका दोरा तिला दिसतो. फक्त माणसाच्या चेहऱ्यावर नजर गेली की लगेच घसरते, कानाकडे, खांद्याकडे, मागच्या भिंतीकडे. माझ्याशी बोलते तेव्हा माझ्या टोपीशी बोलते. माझ्या चेहऱ्याचं मी समजू शकतो.

मिनूच्या वेण्या ती अजून घालते, मागे बसून. सत्कारानंतर काही दिवस मिनू रोज समोर येऊन बसायची. "आजी, खेळू या की. बघ माझ्याकडे." अक्काताई प्रयत्न करायची. एकदा तर मिनूने दोन्ही तळहातांत आजीचा चेहरा धरला आणि आपल्याकडे वळवला. अक्काताईने डोळे गच्च मिटून घेतले आणि ती अशी काही ओरडली की दीपाली आतून धावत आली.

त्यानंतर मिनूने खेळायला बोलावलं नाही. पोर शहाणी आहे, कुणी न सांगता तिला कळलं. मी परवा गेलो तेव्हा ती शाळेतली कविता आजीला म्हणून दाखवत होती. समोर बसली नव्हती. आजीच्या अगदी बाजूला, खांद्याच्या रेषेत, डोळ्याच्या कडेला येईल अशी बसली होती, आणि अक्काताई समोरच्या भिंतीकडे बघत हसत होती.

"दिसते ना गं मी, आजी?" मिनूने विचारलं.